जाळीच्या दोन्ही बाजूंची कोकरं

प्रिय तात्या,

आज कोकरांचं शेवटचं वजन झालं. पहिल्यांदा तुम्हालाच सांगायचं म्हणून फोन हातात घेतला, आणि मग आठवलं. म्हणून हे लिहायला बसले.

जिंकलो, तात्या! भाजलेली पेंड खाणारी कोकरं कच्ची खाणाऱ्यांपेक्षा चांगलीच भरली. काट्याला अडकवताना आईला दम लागला.

मी पहिल्यांदा समजावलं तेव्हा काय हसला होतात! मेंढराच्या पहिल्या पोटातले जंतू पेंडीतला कस आधीच फोडून टाकतात, पण पेंड बेतानं भाजली तर तो टिकून पुढं जातो आणि अंगाला लागतो, असं मी वहीत चित्र काढून सांगत होते. तुम्ही म्हणालात, "म्हंजे शिदोरी वाटंत लुटली न्हाय पायजे, मुक्कामाला पोचाय पायजे. एवढंच की! त्याला कॉलेज कशाला?" आमचे सर त्याला दोन तास घेतात हो!

मग गोठ्यात मधे जाळी मारली. एका बाजूला भाजलेली शेंगपेंड, दुसऱ्या बाजूला तेवढीच कच्ची. मी हॉस्टेलवर, कोकरांचं खाणंपिणं तुमच्याकडं. आणि शेवटी बघते तर दोन्ही बाजूंचं वजन सारखं! सर म्हणाले, "भाजून फरक पडत नाही, असंच लिहा." वर्ष फुकट गेलं म्हणून मी घरी येऊन ढसाढसा रडले. त्या रात्री तुम्ही जेवला नाहीत.

दुसऱ्या दिवशी नेसरीहून पहिली एसटी धरून तुम्ही कॉलेजात हजर! खांद्यावर घोंगडं, टोपी हातात. सगळ्यांदेखत सरांना म्हणालात, "सायेब, पोरीचं काय चुकलं न्हाय. दोन्ही बादल्या म्याच एकात कालवत हुतो. एका पंगतीत एकाला तूप आन् दुसऱ्याला कोरडं, असं कसं वाढू?"

पोरी फिदीफिदी हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्हाला चहासुद्धा विचारला नाही, फाटकापर्यंत सोडायला आले नाही. पंधरा दिवस बोलले नाही. किती मूर्ख मी! कुणापुढं कधी टोपी न काढणारा माझा बाप माझ्यासाठी चूक कबूल करायला आला होता. तुम्ही आलात म्हणून तर सरांनी मला पुन्हा संधी दिली. हे कळायला मला एवढा वेळ का लागावा?

दुसऱ्या खेपेला मात्र बादल्या न कालवण्याचा शब्द पाळलात. आई सांगते, कच्च्या पेंडीची बादली ओतली की तुम्ही तिकडं पाठ करून उभे राहायचात. त्या बाजूची ती बिनशिंगी भुंडी ओरडायला लागली की म्हणायचात, "वरडू नगंस बाळा, वैशीची परीक्षा हाय." आणि मी समजत होते, परीक्षा माझ्या एकटीची आहे!

वजनाला बारा दिवस उरले होते आणि तुम्ही गेलात. एवढी कसली घाई होती हो? दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हणाले, राहू दे आता हे सगळं. आई उसळलीच. "त्यांनी मन मारून चालवल्यालं मी मोडू व्हय?" आणि डोळे पुसत दोन्ही बादल्या घेऊन गोठ्यात गेली.

आज वजन झाल्यावर पहिलं काम काय केलं सांगू? जाळी सोडली. भाजलेली पेंड सगळ्यांपुढं ओतली. भुंडी तर घमेल्यातच पाय देऊन उभी राहिली.

तात्या, शब्द देते. पुढं कितीही प्रयोग केले, तरी शेवटचं वजन झालं की मागं राहिलेल्या बाजूला आधी वाढीन. आणि पहिला प्रयोग का फसला, ते माझ्या प्रबंधात लपवणार नाही. स्वच्छ लिहीन, की दोन्ही बाजूंची कोकरं सारखीच भरली, कारण त्यांना खायला घालणारे माझे वडील होते.

तुमचीच,
वैशी