हिरव्या चिंधीची पेटी

धामणगाव बढे

प्रिय सुगत,

जयभीम. हे पत्र तुझ्या बाबांना न सांगता लिहिते आहे. ते पुंजाजीकडे गप्पा मारायला गेलेत, म्हणजे घंटाभर तरी निश्चिंती. तू गेल्यापासून घरी तुझा एक कागद नाही, आणि का नाही तेही मला ठाऊक आहे.

तू जुळवून दिलेला घरचा सिनेमा झकास चालतो. टीव्ही खिडकीपासून वळवून ठेवलास, त्यामुळे काचेवर उजेड पडत नाही, चित्र स्वच्छ दिसतं. व्हिडिओची वायर अ‍ॅम्प्लिफायरला, तिथून आवाजाच्या दोन पेट्या पुढं, दोन मागं, आणि मधोमध बाबांची खुर्ची. पिक्चरमध्ये मागून घोडे आले की शेजारची जनकाबाई अजूनही पदर सावरून बाजूला सरकते. मागच्या पेट्यांना तू माझ्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधल्यास, डावीला हिरवी, उजवीला लाल, म्हणजे झाडताना हलवल्या तरी मला जागा कळावी.

पण बाबांचा स्वभाव तुला माहीत. सारा जन्म मास्तरकीत गेला, समोरचा पोरगा कॉपी करतोच आहे असं धरून चालायचं. दूधवाल्यावर संशय, चक्कीवाल्यावर संशय. पहिल्याच दिवशी त्यांनी खुर्चीतूनच निकाल दिला, "हिरवी मुकी हाय." तू बिचारा पेटी उघडून उघडून बघत होतास. मी हात ठेवला तर ती चांगली थरथरत होती. तसं सांगितलं तर म्हणाले, "तू त पोराच्याच बाजूची." तू गेल्यावर गावभर सांगत सुटले, "पोरानं चांगली पेटी अकोल्याच्या दुकानातच ठेवली अन् बापाले बिघडेल देली." फार लागलं रे माझ्या जिवाला.

मग मीही संशय घेत सुटले. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला! आधी उंदरांवर घेतला, मग पेटीला टेकून बसणाऱ्या जनकाबाईवर. शेवटी बाबांवरच घेतला. तू मास्तर न होता वायरींच्या धंद्यात गेलास, तो राग ते पेटीवर काढतात, ऐकू येऊनही नाही म्हणतात, असं मला पक्कं वाटायला लागलं. अबोलाच धरला मी त्यांच्याशी.

बुद्धपौर्णिमेच्या आधी घराला चुना दिला. पेट्या बाहेर काढल्या, आणि परत मांडताना माझी चूक झाली. हिरवी उजवीकडे गेली, लाल डावीकडे. संध्याकाळी बाबा खुर्चीत बसले आणि कडाडले, "आता लाल बिघडली! अन् हिरवी काऊन ठणठण वाजून राह्यली?" चुना देणाऱ्यांनी आतलं सामान बदललं म्हणून त्यांच्यावरच घसरले. मी मात्र हातातली परात घेऊन तशीच उभी राहिले. पेट्यांची अदलाबदल झाली होती, पण मुकी बाजू तीच होती.

दुसऱ्या दिवशी जेवताना मी त्यांच्या डावीकडे बसून हळूच म्हटलं, "मास्तर, तुमच्यासारखा खडूस माणूस जिल्ह्यात नाही." ते शांतपणे भाकरी मोडत राहिले. तेच उजवीकडून म्हटलं तर ताट सरकवून उठले. मला आधी हसू आलं, आणि मग मोरीत जाऊन रडले. त्यांना स्वतःला हे कळलंय की नाही, कोण जाणे. कळलं असलं तरी ते मरेपर्यंत पेटीलाच दोष देतील.

आता हे का लिहिते ते ऐक. तू निघालास त्या दिवशी स्टँडवर एसटीच्या खिडकीतून विचारलंस, "बाबा, माह्यं काही चुकलं काय?" ते समोर कंडक्टरकडे बघत राहिले, मान वळवली नाही, आणि तू काच ओढून घेतलीस. मी मागंच उभी होते. एसटी त्यांच्या डाव्या हाताला होती, सुगत. तुझा प्रश्न त्यांच्यापर्यंत गेलाच नाही. येत्या रविवारी ये. त्यांना अकोल्याला कानाच्या डॉक्टरकडे न्यायचं काम माझं, पेटीच्या त्या दुकानदाराला जाब विचारायला चला म्हटलं की चपला घालून तयार होतील. तू फक्त त्यांच्या उजवीकडे बस, आणि तेच परत एकदा विचार.

तुझी वाट बघणारी, तुझीच
आई