काकांची बशी

मंगळवार, संध्याकाळ. मु. सरावली.

आज प्लांटमध्ये गॅसगळतीचा बजर पुन्हा वाजला. कोणी उठलं नाही. सगळ्यांनी नेहमीसारखं राऊतकाकांकडे पाहिलं, ते आमच्यातले सर्वांत जुने ऑपरेटर. काकांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली. म्हणून आम्हीही बसून राहिलो. नवीन आलेली सायली सुरुवातीला बजर वाजला की गेटकडे पळायची, आम्ही हसायचो. आज तीही काकांच्या बशीकडे बघत होती. तिला हे शिकवलं कोणी? कोणीच नाही.

सुटल्यावर काकांना विचारलं, "बजर खोटा आहे हे तुम्हाला कळतं कसं?"

"मला कुठं कळतं? तुमी शिकलेली पोरं. तुमी कोणी उठत नाय, म्हणून मी चहा पितो."

ते हसले. मीही हसलो. का हसलो?

आत्ता खिडकीतून उग्र वास येतोय, रोजच्यापेक्षा जास्त. समोरच्या गॅलरीत शेजारी उभे आहेत. मघाशी सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी प्लांटमधला माणूस ना. मग कोणी खिडक्या लावल्या नाहीत, पोरंही खाली खेळतच राहिली.

माझ्या हातात चहाची बशी होती.