प्लास्टिकमधले आजोबा

प्रति,
माननीय शिक्षण अधीक्षक,
आयर्न बेंड शाळा विभाग,
उत्तर मिशिगन.

विषय : माझ्यासमोर चित्रासाठी बसण्याचा मुख्याध्यापिकांना लेखी हुकूम देण्याबाबत.

संदर्भ : माझ्या आधीच्या तक्रारी, ज्यांवर आपल्या कार्यालयाने "मुख्याध्यापिकांशी बोला" असे कळवले.

महोदय,

मी, आइनो लेहतिनेन, आयर्न बेंड हायस्कूलच्या शेवटच्या वर्षात शिकते. कला महाविद्यालयाच्या प्रवेशासाठी स्वतःच्या चित्रांचा संच दाखवावा लागतो. त्यात जिवंत माणूस समोर बसवून काढलेले एक तरी चित्र लागतेच. फोटोवरून काढलेले परीक्षक लगेच ओळखतात.

माझ्यासमोर माझे आजोबा उर्हो बसले. सगळा उन्हाळा, स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी, हातात कॉफी. "नाक मोठं आलं तर येऊ दे, पोरी. माझंच आहे, उसनं नाही आणलं," एवढेच मधूनमधून म्हणत. तैलखडूतले ते चित्र माझ्या हातून झालेले सर्वांत चांगले काम होते. ऑक्टोबरात आजोबा वारले.

आमच्या शाळेत हाती येईल तो कागद गरम यंत्रातून काढून प्लास्टिकमध्ये बंद करण्याची रीत आहे. जेवणाचा फलक, हॉकी संघाची शपथ, शौचालयाला जाण्याची चिठ्ठीसुद्धा. पालकसभेच्या दिवशी मुख्याध्यापिका मिसेस ट्रुडेल यांनी माझे हे चित्र कलावर्गाच्या कपाटातून न विचारता काढले आणि "खराब होऊ नये म्हणून" त्याच यंत्रात घातले. तैलखडू उष्णतेने वितळतो. आजोबांचा उजवा डोळा गालावर उतरला आणि नाक तर राहिलेच नाही. या ठिकाणी एक म्हण लिहायचा मोह होतो, पण तिच्यात माकड असल्याने अर्जात शोभणार नाही.

माणूस समोर बसवून काढलेले दुसरे चित्र नव्हते, म्हणून तेच घेऊन मिनियापोलिसच्या कला महाविद्यालयात गेले. परीक्षकांनी ते दिव्याखाली फिरवून विचारले, "हे कुठल्या हॉटेलचं मेनूकार्ड?" कोळशाने काढलेली बाकीची चित्रे त्यांना आवडली. समोर बसलेल्या माणसाचे नवे चित्र महिनाअखेरीपर्यंत आले तरच माझा विचार होईल, असे त्यांनी सांगितले.

हे मी मिसेस ट्रुडेल यांना सांगितले. त्या हसून म्हणाल्या, "अगं, मग आजोबांना परत बसव की! वेळ आहे अजून."

महोदय, आजोबांच्या दफनानंतर शाळेकडून आम्हाला सांत्वनाचे कार्ड आले होते. त्यावर पहिली सही मिसेस ट्रुडेल यांची आहे. तेही प्लास्टिकमध्ये बंद आहे.

माझी आई बसायला तयार आहे. तरी मला मिसेस ट्रुडेलच हव्यात. मला त्यांचा राग आहे आणि तो मी लपवत नाही. त्यांनी रोज शाळा सुटल्यावर कलावर्गात, फोन बाहेर ठेवून, खिडकीपाशी बसावे. कॉफी मी देईन. त्यांनी हलू नये. आजोबांना खोकायचे झाले तरी ते आधी मला विचारत. मला जे दिसेल तेच मी काढीन. त्यांना बरे वाटावे म्हणून एकही रेघ ओढणार नाही, आणि चित्र पुरे झाल्यावर त्यांच्या हाती देणार नाही.

तरी हुकूम त्वरित व्हावा.

नम्र राहण्याची शिकस्त करणारी,
आइनो लेहतिनेन
१२ नोव्हेंबर

सोबत :
१) आजोबांचे चित्र. पाहून झाल्यावर परत करावे. एक डोळा अजून त्यांचाच आहे.
२) सांत्वनाचे कार्ड. परत नको.