बंदुकीच्या पेटीतलं खोबरं

आई,

बंदूक विमानात चालते, खोबरं चालत नाही. तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस आणि विचारलं असतंस, "मंग वर भाजीत काय घालत्यात गं?" मलाही त्या दुपारपर्यंत हे माहीत नव्हतं. मॅट्रिक झालेली मी, घरातला पै-पैचा हिशेब लिहिते, पोथी अर्थासकट वाचते, पण विमानाचं शास्त्र मला कोण सांगणार?

तुझी नात नेमबाज आहे. तू गेलीस तेव्हा ती बालवाडीत होती आणि पेन्सिलसुद्धा मुठीत धरायची. आता ती एका शाळेत खेळाची बाई आहे, लग्न झालंय, आणि स्वतःच्या पगारातून घेतलेली बंदूक तिच्या खांद्याला असते. खेळातली बंदूक, हवेवर चालणारी. बारूद नाही, धूर नाही, आवाजही टिचकी मारल्यासारखा. पण नेम असा की मी दुरून पाहते तर मला तो कागदावरचा काळा ठिपकाच नीट दिसत नाही, आणि ती त्याच्याही मधला ठिपका उडवते. सासरची माणसं वाईट नाहीत. फक्त यंदा तिच्या सासूबाईंनी बजावलं होतं, "दिल्लीला निवड झाली तर झाली, नाही तर बंदूक पुरे, आता घराकडं बघ." जावईसुद्धा आईच्या शब्दापुढं गप्प बसले. म्हणून निवडीच्या आधी सराव करायला ती माझ्याकडं हर्सूलला येऊन राहिली होती. कित्येक वर्षांनी घरात दोन ताटं मांडली जात होती.

विमानाचं तिकीट काढलं आणि पहिली अडचण निघाली ती पेटीची. बंदुकीची मूळ पेटी लांबलचक, माणूस आडवा झोपवावा अशी. फोनवरच्या मुलीनं सांगितलं की लांबी, रुंदी, उंची तिन्ही मिळून ठरल्या मापात बसली पाहिजे, नाहीतर मोठ्या सामानाचे जादा पैसे, आणि तेही विमानात जागा असली तर. मी शिवणाची टेप काढली. तिन्ही मापं मिळून एक पूर्ण टेप आणि वर चार बोटं, एवढीच मुभा होती. "आई, ब्लाउज बेतायला बसलीस का?" तुझी नात हसली. मी म्हणाले, बेतायचंच आहे. मग तिनं एक आखूड, कडक पेटी आणली. नळी आणि दस्ता वेगळे केले की त्यात बसत होते. आतला फोम मी शिवणाच्या कात्रीनं कापला, दोन थरांत, एकेका भागाच्या आकाराचा. छर्‍यांच्या डब्यांसाठी खालच्या थरात गोल खळगे केले, त्यातला एक जरा मोठाच कापला गेला. नंतर तिनं डबे दुसऱ्या बॅगेत टाकले आणि खळगे रिकामे राहिले. बंदुकीचं आपल्या ब्लाउजसारखंच असतं, हे मला तेव्हा कळलं. गालाला टेकायची फळी, खांद्याला लागायचा भाग, सगळं तिच्या अंगाच्या मापानं बसवलेलं. दुसरीचं घातलं की काखेत ओढतं.

निघायच्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या वहिनी तिची ओटी भरायला येणार होत्या. लेक माहेरून निघाली की दर वेळी त्याच भरतात. मी ताट तयार करून देते आणि ओटी भरून होईपर्यंत स्वयंपाकघरात थांबते. तुला हे काय सांगायचं, तुझा जन्म त्या थांबण्यात गेला. पण त्या दिवशी सकाळी वहिनींना गंगापूरहून फोन आला, चुलतसासरे वारले, सुतक आलं. मी ताट पुढं घेऊन बसलेली. तुझी नात म्हणाली, "राहू दे ना आई, मी काय नांदायला चाललेय? मॅच खेळायला चाललेय," आणि आंघोळीला गेली. मी ताटाकडं पाहत राहिले. एवढ्या मोठ्या कामाला पोर निघालीय, शेवटची संधी, आणि आईच्या घरातून रिकाम्या ओटीनं जाणार? रीत मी आजवर मोडली नाही. उपास मोडला नाही, सोवळं मोडलं नाही. पण त्या सकाळी मनात आलं, माझ्या पोटची पोर, तिच्या ओटीत चार तांदूळ घालायला मी परक्या घरचं सुतक फिटायची वाट बघायची का? मी खोबऱ्याची वाटी घेतली, तिच्यात तांदूळ घातले, खणात गाठ मारली. कुंकू लावलं नाही, तेवढा धीर झाला नाही. बंदुकीची पेटी उघडी होती. वरचा फोम उचलून त्या मोठ्या खळग्यात गाठोडं ठेवलं. माझ्या हातानं कापलेला खळगा, मापानं बसलं. देवीला म्हणाले, तुझ्या लेकराला तूच सांभाळ, मी फक्त ठेवलंय.

चिकलठाण्याला विमानतळावर तिकिटाशिवाय आत सोडत नाहीत. मी बाहेर काचेशी उभी. आत तिनं कागद दाखवले, एका साहेबांनी बंदूक पाहिली, हवेची नळकांडी रिकामी आहे ना पाहिलं, सही केली, पेटीला सील लागलं. तिनं काचेतून मला अंगठा दाखवला. मी मनातल्या मनात स्तोत्र सुरू केलं. ते संपलं, पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. मान वर केली तर ती दारातून बाहेर येत होती. एका हातात पेटी, दुसऱ्या हातात माझा खण.

"हे तू ठेवलंस?"

मी खण घ्यायला हात पुढं केला.

"त्यांच्या मशिनीत गोल काहीतरी दिसलं. मला बोलावलं, सील तोडलं, फोम उचकटला. सुकं खोबरं! तेलकट असतं, पेट घेतं, विमानात बंदी आहे त्याला. ती तपासणीवाली म्हणते, 'मॅडम, रायफल ठीक है, नारियल नहीं जाएगा.' सगळे हसले आई."

"काढलं ना आता? मग घेतील पेटी."

"नाही घेत. उघडली की सगळं पहिल्यापासून. तपासणी, सही, सील. सहीवाले साहेब दुसरीकडं गेले होते, ते येईपर्यंत सामान घेणं बंद झालं. हत्यार मालकाशिवाय जात नाही, म्हणजे उद्या न्यायचं तर मलाही उद्याच जावं लागेल. आणि माझी मॅच उद्या सकाळी आहे."

"मग गं?"

"मग काय. जाते तशीच. मागते तिथं कुणाची तरी." आणि मग एकदम रडवेला आवाज, लहानपणी दप्तर हरवलं तेव्हाचा. "कशाला घातलंस गं?"

माझ्या ओठांवर शब्द आला होता, ओटी. पण मागं आत जायच्या दाराशी माणसं उभी, वेळ संपत आलेली, आणि काय सांगू तिला? विधवा आईनं चोरून भरली म्हणून? मी म्हणाले, "वाटेत तोंडात टाकायला. विमानात खायला लई महाग असतं म्हणे."

"बंदुकीच्या पेटीतलं? ती पेटी खाली जाते, मी वर बसते! पैसे वाचवायला कुठं काय घालशील, काही ठिकाण राहिलं का तुझं?" पेटी आणि खण माझ्या हातात देऊन ती वळली. चार पावलं गेली आणि परत आली, रागातच वाकली, माझ्या पायाला हात लावला. "येते," म्हणाली. माझ्याकडं न बघता.

मी गाठ सोडली. तपासणीत तांदूळ सांडून गेले होते. वाटी रिकामी, आणि आतल्या तेलकट अंगाला चार तांदूळ चिकटलेले.

ते तांदूळ मी आधी कुठंतरी पाहिले होते. रिक्षात बसेपर्यंत आठवेना. रिक्षावाल्यानं पेटी उचलून पायाशी ठेवली. "अम्मा, हारमोनियम है क्या?" "हौ," मी म्हणाले, "भजन का." "तो संभाल के पकडो. धक्का लगा तो सूर बिगड़ता." जालना रोडला तो खड्डे चुकवत चालला, मी पेटी गुडघ्यांत धरून, आणि मग मला तुझी पत्र्याची पेटी दिसली, माझ्या लग्नातली.

मी सासरी निघालेय. अंगणात बायका ओटी भरतायत, शेजारची आजी, मामी, कोण कोण. मी मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडं बघतेय. तू बाहेर येत नाहीस. आत तुझा लोकांच्या मसाल्याचा घाणा लागलेला, खोबरं भाजल्याचा वास येतोय. मला वाटतं, आजच्या दिवशीसुद्धा हिला मसाला सुचतो. आई, ते माझ्या मनात पुढं वर्षानुवर्षं राहिलं, की तू उंबऱ्यापर्यंतही आली नाहीस. सासरी पेटी उघडली तर साड्यांच्या घडीत तुझ्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली खोबऱ्याची वाटी. वाटीला चार तांदूळ चिकटलेले. मी ते झटकले. वाटलं, डब्यातले लागले असतील. मसाले करणाऱ्या बाईची लेक मी, खोबरं म्हणजे मला मसालाच. सासूबाईंना नेऊन दिलं, त्यांनी वाटणात घातलं. सगळ्यांनी चव नावाजली.

तर तू भरली होतीस. आत बसून, कुणाला न सांगता, भरली होतीस.

दिल्लीला तुझ्या नातीला एका मुलीनं बंदूक दिली. चांगली दिली, पण ती त्या मुलीच्या मापाची. निवड थोडक्यात हुकली. फोनवर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "जाऊ दे आई, माझंच लक्ष नव्हतं." दिल्लीहून ती परस्पर सासरी गेली. बंदुकीची पेटी माझ्या पलंगाखाली आहे, न्यायला अजून आली नाही, आणि येईल असं वाटत नाही. शाळेला दिवाळीची सुट्टी लागली की बघू म्हणाली. त्या महिन्याचा हिशेब लिहिताना मी अडले. देवाचा खर्च मी वेगळ्या पानावर लिहिते, घरचा वेगळ्या. ते खोबरं कुठल्याच पानावर बसेना.

तेव्हापासून मी तिला रोज फोन करते आणि मध्येच विचारते, जावईबापूंची तब्येत बरी आहे ना? ती वैतागते. "त्याला काय धाड भरलीय? रोज बिडकीनला कंपनीत जातो, दोन डबे खातो. तू रोज हेच काय विचारतेस?" मी म्हणते, सहज. सहज नाही गं. बंदूक राहिली ती राहिली. पण ओटी भरायची नसते त्या हातांनी मी ती भरली, आणि ओटी असते कुंकवाची. बंदुकीवर निभावलं असेल का, की अजून काही यायचंय? एवढी पूजा करते मी, तरी देवीपुढं डोळे मिटले की हेच समोर येतं.

आणि परवा असंच दिवा लावताना मला तुझा तो प्रश्न आठवला. नातीचे बाबा गेले त्या वेळचा. कावीळ झाली, बघता बघता माणूस गेला. तेरावं होऊन पाहुणे उठले होते. तू माझ्याजवळ सरकलीस, बराच वेळ माझी बोटं चोळत राहिलीस, आणि एकाएकी विचारलंस, "तुझ्या लग्नाच्या पेटीत खोबरं व्हतं. त्याचं काय केलंस गं तू?"

मला तिडीक आली. घरातला माणूस गेलाय आणि हिला खोबऱ्याच्या वाटीचा हिशेब हवाय. मी म्हणाले, "मसाल्यात घातलं."

"समदं?"

"सगळं."

तू पदर तोंडावर घेतलास. मला वाटलं, म्हातारी थकली. त्यानंतर तू आलीस की नातीला खाऊसुद्धा स्वतःच्या हातानं द्यायची नाहीस. शेजारणीला म्हणायचीस, "तू दे बाई तिच्या हातात." ती "आजी, आजी" करत मांडीवर चढायची, तू हळूच उतरवायचीस. मी मनात म्हणायचे, हिला माझी पोर नकोशी झालीय. पुढच्या वर्षी तू गेलीस. ते ओझं घेऊन गेलीस, आई, आणि मी शेजारी बसून तुला कंजूष समजत होते. त्या दिवशी विमानतळाच्या काचेशी माझी लेक मला कंजूष समजली, तसंच.

म्हणून हे लिहायला बसले. तुझ्यामुळं नव्हतं ते. पाणी खराब होतं, त्या साली आमच्या गल्लीत घरोघर कावीळ होती, डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं होतं. तुझ्या खोबऱ्यानं काही झालं नाही. उलट तुझी ओटी लागली म्हणून मी तगले, पोर वाढवली, कुणापुढं हात पसरला नाही. तुझ्या हाताला दोष असता तर देवाच्या दारात न्याय कसला? याबद्दल माझ्या मनात तीळभर शंका नाही.

ही पानं कुठल्या पत्त्यावर जायची नाहीत. विमानतळावरून परत आलेली वाटी मी डब्यात घालून देवघराच्या फळीवर ठेवलीय. किसवत नाही, पाण्यात सोडवत नाही. तुला लिहिलेलं सगळं खरं आहे आणि मला ते पटलेलंही आहे. पण आज सकाळी जावयांचा फोन लागत नव्हता, तेव्हा मी दुसऱ्यांदा फोन लावायच्या आधी त्या डब्याकडं पाहिलं.