पिल्लूच्या पायावरच्या रेघा

८ नोव्हेंबर
आज पुन्हा नवे फोड. उजव्या मांडीपासून घोट्यापर्यंत, रांगेने, कुणी टिंबं काढत गेल्यासारखे. आमचं पिल्लू अजून दवाखान्यातल्या काचेच्या पेटीत. मी दूध पाजायला वरखाली करते. जंतुसंसर्ग असेल म्हणून औषध चालू. पण ताप नाही, पिते छान, रडते तर खणखणीत. मग काय आहे?
सचिन ऑफिसातून थेट येतो, पेटीपाशी उभा राहून लेकीला हवामान सांगतो. "कर्वेनगरात गारठा आहे मॅडम, आतच बरं." नर्ससुद्धा हसली.
झोप नाही.

९ नोव्हेंबर
आई वर्ध्याहून आली. पिशवी खाली न ठेवताच नातीला पाहिलं. मग म्हणाली, "काहून रडून राहिली व? तू झाली तेव्हा तुह्याही अंगावर असेच आले होते. सारे म्हणे, देवी आल्या. मी कडुलिंबाच्या पाल्यावर निजवलं तुले."
"हे मला कधी सांगितलं नाहीस?"
"गेले ना ते. गेल्या गोष्टीचं काय सांगाचं?"
उद्या त्वचेच्या डॉ. येणार. हे त्यांना सांगायचंच.

१० नोव्हेंबर
त्वचेच्या डॉ. आल्या. वय साठीचं, बारीक कापलेले पांढरे केस, आवाज कोरडा. बाळाला नीट पाहिलं, आईचं बोलणं ऐकलं आणि मला म्हणाल्या, "तुमचे पाय बघू."
पोटरीवर टॉर्च तिरका धरला. फिकट पट्टे, वळणावळणाचे, त्यांवर एक केस नाही. मी इतकी वर्षं समजत होते की आपण नशीबवान, वॅक्सिंग कमी लागतं! मग तोंड उघडायला लावलं. दोन टोकदार दात कॉलेजात असताना कॅप लावून झाकले होते, तेही ओळखले. मग आईकडे वळून, "आता आपण."
आईने लाजत साडी जराशी वर घेतली. तेच पट्टे.
नाव लांबलचक: इन्कॉन्टिनेन्शिया पिगमेंटी. जन्मजात आजार. आमच्यात आईकडून लेकीकडे आलेला. कुणाला लागत नाही. फोड जातील, मग कातडी खरखरीत होईल, मग तपकिरी रेघा उमटतील, मोठेपणी पुसट. खात्रीसाठी रक्ताची तपासणी करणार.
"त्वचेची चिंता सोडा. करायचीच असेल तर डोळ्यांची करा. आतल्या पडद्याच्या रक्तवाहिन्या बिघडू शकतात. उद्याच दाखवा."
सचिनने लगेच फोन काढला. डॉ. म्हणाल्या, "गूगल बंद करा. मी अजून इथेच उभी आहे."

११ नोव्हेंबर
उजवा डोळा स्वच्छ. डाव्यात कडेला एक जागा वाईट. लेझर करावं लागणार, बाळाला भूल देऊन. एवढुसा जीव.
सचिन आज हवामान बोलला नाही.

१४ नोव्हेंबर
लेझर झालं. शुद्धीवर आली ती भुकेजून ओरडतच. इतका गोड आवाज मी ऐकलेला नाही. टिकलं की नाही, ते पुढच्या तपासण्यांत कळणार.
संध्याकाळी त्वचेच्या डॉ. आल्या तेव्हा आईने विचारलं. माझ्याआधी दोनदा तिचं पोटातलं गेलं होतं, दोन्ही मुलगे. आजी अख्ख्या गावात सांगायची, हिच्या पोटात पोरगा टिकत नाही.
डॉ. खुर्ची ओढून बसल्या. पहिल्यांदाच बसल्या. "यात मुलगे बहुतेक वेळा पोटातच जातात. आपलं खाणं, काम, उठबस, कशाचाही संबंध नाही. आपली काही चूक नव्हती."
आई म्हणाली, "अजून एक डाव सांगा न बाई."
त्यांनी पुन्हा सांगितलं. तसंच, शब्दन् शब्द.

२० नोव्हेंबर
घरी! आईने आल्या आल्या मावशीला फोन लावला, स्पीकरवर. "कुसुम, ऐक, डॉक्टरीणबाईनं सांगतलं..." मग दुसऱ्या मावशीला. मग जिच्याशी दहा वर्षं बोलत नव्हती त्या काकूलाही. चेहरा असा उजळलेला की सचिन हळूच म्हणाला, "तुझी आई तरुण झालीय."
मी झोपले. चक्क झोपले.

१४ जानेवारी
बारसं. रक्ताचा रिपोर्ट डॉ. म्हणाल्या तसाच. फोड गेले, पायावर आणि कुशीत रेघा आल्यात, ओल्या वाळूवर पाणी ओसरल्यासारख्या. सचिनने 'रेखा' सुचवलं. मी उशी फेकली. मला 'आर्वी' हवं होतं.
आई: "आर्वी? बाप्पा! ते तं गाव हाय आमच्याकडलं. मी तिथं एस्टी बदलते."
तरीही आर्वीच. आईने पाळण्याची दोरी ओढली आणि ओरडली, "चला, आर्वीवाले, आर्वी!" बायका हसून लोटपोट.

२२ मार्च
उन्हाळा लागला, पिल्लू झबल्यावर. समोरच्या काकूंनी लिफ्टमध्ये विचारलं, "हे काय, मेंदी काढलीत का?" पूर्वी मी पाय झाकले असते, तिचेही आणि माझेही. म्हटलं, "नाही काकू, जन्मतःच आहे. तीन पिढ्यांचं डिझाइन." काकू: "हो का. आमच्याकडे नुसता मधुमेह."
मजला येईपर्यंत दोघी हसत होतो.

२६ मे
डोळे तपासून आलो. उजवा उत्तम. डाव्याबद्दल डोळ्यांचे डॉ. सावध: "आत्ता शांत आहे. नीट किती दिसतं, ते ती थोडी मोठी झाल्यावर कळेल. ऑगस्टमध्ये या." दात अजून एकही नाही. येतील तेव्हा येतील, टोकदार तर टोकदार.

३० मे
दुपारी पिल्लू चटईवर बसली होती. एकदम थांबली. मान वाकडी केली, जमिनीकडे टक लावली, हात पुढे, आणि झडप. मला वाटलं, काही नाहीच तिथे. मूठ उघडली तर आत मुंगी. लाल, बारीकशी. मी चष्मा लावूनही पाहिली नव्हती!
"सचिन! तिला मुंगी दिसली! मुंगी!" तो बाथरूममधून साबणासकट धावत आला. आईला व्हिडिओ कॉल लावला. "दिसली न व? मग आता तिच्या तोंडातून काढ ते!"
तोवर खाल्ली होती.
दिवसभर विचारतेय तिला, डाव्याने पाहिलीस की उजव्याने? नुसती हसते. सांगत नाही.