पुढचा डावा कोपरा

धुळे, रविवार दुपार

वडीलबंधू रुपचंदभाऊ यांस धाकट्या प्रेमराजचा प्रभूमध्ये सलाम.

तुमचा गुडघा कसा आहे? रत्नावहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं असेलच. (बोदवडची बातमी मला आता दुसऱ्यांकडूनच कळते.) मी ठणठणीत आहे, आणि घोटाळा तिथूनच सुरू झाला.

गेल्या रविवारी मंडळीत मी मरणाच्या तयारीवर पाऊण तास बोललो. खिडकीतली कबुतरं उडाली. "आज हाक आली तर तू तयार आहेस का?" असं तिसऱ्यांदा गरजलो, तेव्हा पुढच्या बाकावरून मंदाबाई साध्या सुरात म्हणाल्या, "आबा, तुमची पेटी उचलणारे सहा जण ठरलेत का?" माणसाने आयुष्यभर स्वर्गाचा विचार करावा आणि कबरस्तानापर्यंत कसं जायचं तेच ठरवू नये! मला भारी कुतूहल वाटलं. सोमवारी वही घेऊन निघालो.

तबला वाजवणाऱ्या हितेंद्रने (त्याचा ताल चुकतो, हे मी भर उपासनेत सांगितलं होतं) विचारलं, "चालताना पाय चुकला तर चालेल ना?" जीवरामनाना (उपदेशात घोरतात, मी नाव घेऊन उठवलं होतं) म्हणाले, "त्या वेळी जागा असलो तर येतो." असे पाच होकार मिळाले, आणि जवळजवळ प्रत्येकात माझंच एखादं जुनं वाक्य मला परत मिळालं. फक्त वना सुतार मोकळेपणी म्हणाला, "आबा, उचलसू! पण पहिले जराखा हलका व्हा."

पुढे अडलं ते मापात. वना सहा फुटी, तो पुढच्या उजव्या कोपऱ्यावर. डाव्या कोपऱ्यावर तेवढाच उंच खांदा हवा, नाहीतर पेटी कलंडणार. बाकीचे सगळे ठेंगणे. (मी स्वतः मापात बसतो, पण मला त्या दिवशी सवड नसेल.) वना म्हणाला, "आबा, तुमना भाऊ बोदवडमा शे ना?" मी मापपट्टी गुंडाळत बसलो.

नऊ वर्षांपूर्वी तुमच्या लेकीच्या, भूमिकाच्या लग्नात मी डामडौलावर बोलायला उठलो, तुम्ही माइकची वायर ओढलीत आणि मी न जेवता निघून आलो. चूक तुमचीच होती, हे मी आजही ठामपणे सांगतो. तरी उंचीचा प्रश्न आहे, म्हणून लिहितो. खांदा द्याल का, एवढं कळवा.

तुमचा,
प्रेमराज

ता. क. : मला दहा मिनिटं दिली होती. तुम्ही वायर ओढलीत तेव्हा पन्नास झाली होती. भूमिका रडत होती, ते मला दिसलं होतं; तरी बोलत राहिलो. भाऊ, मी देवापुढे उभा राहायला भीत नाही. बोदवडच्या स्टँडवर उतरायला भितो.

आणखी एक ता. क. : वना म्हणतो, ठेंगण्याच्या खांद्यावर गादी ठेवली तरी पेटी सरळ राहते. म्हणजे उंचीची अडचण तशी नाही. तुम्ही या, आणि मी मरेपर्यंत थांबू नका. येत्या रविवारी भरीत आणि कळण्याची भाकरी आहे. त्याआधी उपदेश माझाच आहे. माइकची वायर तुमच्या बाकाजवळून नेली आहे.