ली आणि चेन यांचे निरोप

शारजा, ३ ऑक्टोबर

ती. मनूताईस,
सा. न. वि. वि.

चिनी भाषा मला फुकट आली असं तू गावभर सांगतेस, म्हणून एकदा हिशोब देतो. न समजता ‘हो हो’ म्हणून उचललेले चार चुकीचे कंप्रेसर, दोन हजार दिरहम, म्हणजे आपले पन्नासेक हजार. शिवाय एसीचे सुटे भाग विकणाऱ्या ली शेठच्या गोदामात पंधरा वर्षं प्यालेला बिनसाखरेचा चहा. पण आज फोनवर समोरच्या चिन्याला कळतसुद्धा नाही, की हा एसी दुरुस्त करणारा चिपळूणकर आहे!

विषय निघाला तो मिहिकाच्या कॉलेजातल्या दोन थाई मुलींवरून, नात्ताया आणि पिम. शाळेपासून चिनी शिकल्यात, अक्षरं छापल्यासारखी काढतात. पण दुबईत अल बर्शाच्या ज्या हॉटेलात ट्रेनिंगला आहेत, तिथे चिनी पाहुण्याचा फोन आला की तोंडाला कुलूप. महिनाअखेरीस फोनवर परीक्षा आहे. पास झाल्या तर नोकरी, नाहीतर परतीचं विमान. नात्ताया तर रडकुंडीला आलीय. मी शिकवतो म्हणालो, तर तुझी भाची इंग्रजीत म्हणाली, की डॅड, माझी लाज काढू नका.

तू तीस वर्षं मास्तरकी केलीस. काही सुचव.

लोभ आहेच, तो बिनतक्रार चालू ठेव.
तुझा, विलास

चिपळूण, ६ ऑक्टोबर

चि. विलास यास अ. उ. आ.

पत्राचा फोटो नेहमीसारखाच वाकडा. वाचताना मान धरली. मिहिकाचं बरोबर आहे. तू शिकवू नकोस, त्या तुझ्यासारखं बोलायला लागतील.

माझ्या वर्गातल्या घुम्या पोरांना मी तोंडी निरोप देऊन दुसऱ्या वर्गात पाठवायचे. निरोप पोचवायचा तर नीट ऐकावं लागतं, उत्तर आणायचं तर तोंड उघडावं लागतं. हातात कागद मात्र द्यायचा नाही.

वेळेवर जेवत जा, बाकी सगळं माफ.
मनूताई

शारजा, २१ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ताई, मानलं तुला! ली आणि त्याचा भागीदार चेन यांचं गेल्या ईदपासून बोलणं बंद. एकाच गोदामात दोन टोकांना पाठ करून बसतात. म्हटलं, यल्ला, चला, निरोपांना काय तोटा! नात्ताया लीची, पिम चेनची. पहिल्या दिवशी अर्ध्या वाटेतून परत येऊन विचारायच्या. आता धावत जाऊन येतात.

घोटाळा एवढाच झाला, की निरोप जसाच्या तसा द्यायचा असं मी बजावलं होतं. मंगळवारी नात्तायाने हात जोडून, गोड हसून चेनला सांगितलं, की तो कासवाचं अंडं आहे. शब्द तिला कळले होते, शिवी आहे हे कळलं नव्हतं. चेन उठला, लीही उठला, दोघं समोरासमोर तासभर भांडले आणि शेवटी एकत्र जेवले. खलास! निरोप्यांचं काम संपलं. आता दोघी नुसत्या बसून त्यांच्या गप्पा ऐकतात, मध्येच तोंडही घालतात.

परीक्षेत पाहुण्याला अंडं म्हणाल्या, तर दोष तुझा.
तुझा, विलास

शारजा, १ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दोघी पास! मॅनेजरबाईंनी चिडक्या पाहुण्याचं सोंग घेऊन फोनवर चिनीत आरडाओरडा केला. ली-चेन ऐकलेल्यांना त्याचं काय? नात्तायाने सगळं ऐकून घेतलं, तक्रार एकेक करून त्यांनाच परत सांगितली आणि खोली बदलून दिली. तिला आता तक्रारींच्याच फोनवर नेमलंय. मिहिका म्हणे मैत्रिणींना सांगत फिरतेय, की ही आयडिया माझ्या आत्याची.

असाच जीव लावत राहा.
तुझा, विलास

ता. क. नात्ताया पेढे घेऊन आली होती. तिने सहज सांगितलं, की माझा, म्हणजे तुझ्या या भावाचा, फोन आला की ली आधी गोदामातल्या सगळ्यांना गप्प करतो, आणि मग लहान मुलाशी बोलावं तसं एकेक शब्द सुटा करून बोलतो.